धोळावीरा : भुजहून पहाटे निघून रात्री भुजला परत (एका दिवसाचं पक्कं गणित)

रणवाटा

कच्छच्या प्रत्येक धाग्यावर 'धोळावीरा एका दिवसात होतं का?' हा प्रश्न येतोच, आणि उत्तरं चार ठिकाणी विखुरलेली राहतात. म्हणून हा वेगळा धागा.

होतं. मात्र दोन अटी आहेत. सकाळी नऊ-साडेनऊच्या आत अवशेषांपाशी पोचायचं, आणि त्याच दिवसाला धोर्डोचं पांढरं रण जोडायचं नाही.

धोळावीरा खडीर बेटावर आहे. तालुका भचाऊ, चहूबाजूंनी मोठं रण. सिंधू संस्कृतीतलं सुमारे ४५०० वर्षांपूर्वी भरभराटीला आलेलं शहर. १९६७-६८ मध्ये जगतपती जोशींनी नोंदवलं, १९९० च्या सुमारास आर. एस. बिश्त यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मोठं उत्खनन सुरू झालं. जुलै २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागलं. तेव्हापासून गर्दी वाढली आहे, पण हम्पी-अजिंठ्याच्या मानाने अजूनही निवांत.

जायला रस्ते दोन:

१) भुज – भिरंडियारा – खावडा – रणातला नवा रस्ता – खडीर. एका बाजूला साधारण १४० किमी, अडीच ते तीन तास.

२) भुज – भचाऊ – रापर – बालासर – लोद्राणी – अमरापर – धोळावीरा. सव्वादोनशे किमीच्या आसपास, साडेचार तास तरी धराच.

जुन्या प्रवासवर्णनांत फक्त दुसराच रस्ता सापडतो, कारण पहिला तेव्हा नव्हता. 'दोन दिवस लागतातच' हा समज तिथूनच आलाय. मोबाइलचा नकाशा कधीकधी रापरवरून वळवतो, म्हणून मधला थांबा म्हणून खावडा टाकूनच रस्ता लावा.

थंडीतलं वेळापत्रक साधारण असं बसतं. साडेपाचला भुज सोडायचं, सातला खावड्यात चहा, पावणेनऊपर्यंत धोळावीरा. बारापर्यंत अवशेष, मग म्युझियम, एकच्या सुमारास जेवण. दोनला लाकडाच्या जीवाश्मांकडे (दहाएक किमी पुढे), तीन ते सव्वातीनला परतीला. वाटेत काळो डुंगर या टेकडीवर सूर्यास्त, रात्री आठ-साडेआठला भुज. दिवसभरात सव्वातीनशे किमीच्या आसपास गाडी चालते. टॅक्सी ठरवताना हाच आकडा डोक्यात ठेवा.

सायली_ठाणे

फार उपयोगी धागा, धन्यवाद! जानेवारीत आई-बाबांना घेऊन जायचं आहे, दोघंही सत्तरीचे. बाबांचे गुडघे दुखतात. किती चालावं लागतं? सावली आहे का? बाथरूमची सोय?

रणवाटा

सायलीताई, सगळं फिरायचं तर खडबडीत जमिनीवर तीनेक किमी चाल होते. सावली म्युझियमच्या आवाराबाहेर जवळपास नाहीच. बाथरूम म्युझियमपाशी आहे. त्याआधीचा भरवशाचा थांबा म्हणजे खावडा, मधल्या रणात काहीच नाही.

बाबांसाठी असं करा. पूर्वेच्या मोठ्या तलावाच्या काठापर्यंत सावकाश न्या. तिथे खाली उतरायची गरज नाही, वरून सगळं दिसतं. बालेकिल्ल्यावर चढताना दगडी पायऱ्या उंच-सखल आहेत. चढणं जमतं, उतरताना गुडघ्यावर येतं, म्हणून काठी न्या. खालचं नगर आणि पश्चिमेची दफनभूमी त्यांनी सोडली तरी चालेल. माणशी तीन लिटर पाणी गाडीत, त्यातलं एक लिटर फिरताना जवळच्या पिशवीत. जानेवारीतही अकरानंतर ऊन लागतं, आणि पांढऱ्या दगडांवरून परत फिरून डोळ्यांवर येतं. गॉगल आणि टोपी लागतेच.

पाणवठा

वेळापत्रक चोख आहे. मी 'काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने' हे लिहितो, कारण बहुतेक लोक इथे चुकतात. थेट बालेकिल्ल्यावर चढतात, वरून फोटो काढतात, चाळीस मिनिटांत 'दगडच आहेत' म्हणून गाडीत बसतात. धोळावीरा पाण्याच्या वाटेने बघायचं असतं. तसं बघितलं की प्रत्येक भिंत बोलू लागते.

आधी जमीन समजून घ्या. शहराच्या दोन बाजूंनी दोन ओढे जातात, उत्तरेला मनसर आणि दक्षिणेला मनहर. दोन्ही फक्त पावसाळ्यात वाहतात. पाऊस वर्षाला ३०० मिमीच्या आतच. बारमाही नदी नाही, आणि भूजल बहुतांशी खारं. शहराच्या पूर्वेच्या तटापासून पश्चिमेच्या तटापर्यंत सुमारे १३ मीटरचा उतार आहे. सगळी योजना या उतारावर उभी आहे. ओढ्यांवर दगडी बंधारे घालून पुराचं पाणी अडवलं, वळवलं आणि तटाच्या आत खोदलेल्या तलावांत सोडलं. तलाव शहराला वेढून एकापुढे एक ओळीने आहेत, सोळा किंवा त्याहून जास्त. पाणी एकातून पुढच्यात उताराने जात होतं, कुठेही उपसायची गरज नव्हती.

पूर्वेच्या तलावापासून सुरुवात करा. सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, १० मीटरहून खोल. कोपऱ्यातल्या पायऱ्या नीट बघा. पाणी जसजसं खाली जाईल तसतसं माणूस खाली उतरून भरू शकेल अशी ती मांडणी आहे. म्हणजे तलाव तुडुंब असतानाच नाही, तर उन्हाळ्यात तळ गाठल्यावरही पाणी हाती लागलं पाहिजे, हा विचार बांधणाऱ्यांनी आधीच केला होता.

तिथून दक्षिणेच्या तलावांकडे या. हे अख्ख्या खडकात कोरलेत. दोन तलावांच्या मध्ये जो खडकाचा बांध सोडलाय तो रुंद आहे. त्यावरून चालता येतं, आणि एकेक तलाव वेगळा ठेवून गाळ काढता येतो. सगळं पाणी एका मोठ्या खड्ड्यात का नाही साठवलं, याचं उत्तर या बांधांत आहे.

मग बालेकिल्ला. वर दोन गोष्टी चुकवू नका. एक म्हणजे विहीर. तिच्या काठाच्या दगडावर दोर घासून पडलेले काचे आहेत. वाकून, सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. दुपारी ऊन डोक्यावर आलं की ते जवळजवळ दिसेनासे होतात. दुसरी म्हणजे पावसाच्या पाण्याची गटारं. बालेकिल्ल्यावर पडलेला थेंबन् थेंब दगडी फरशांनी झाकलेल्या नाल्यांतून खाली साठवणीकडे नेला आहे. मुख्य नाला तर माणूस आत शिरेल एवढा उंच. ही सांडपाण्याची गटारं नाहीत. हा फरक लक्षात आला नाही तर इथली अर्धी हुशारी निसटते.

उत्तर दरवाज्याने खाली उतरा, म्हणजे समोर समारंभाचं लांबलचक मैदान येतं, सुमारे २८३ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद. पलीकडे मधलं नगर, पूर्वेला खालचं नगर. पाय थकले असतील तर खालच्या नगरात कमी वेळ द्या, पण तलावांना दिलेला वेळ कापू नका.

खापर

पाणवठा यांच्याशी शंभर टक्के सहमत. थोडी भर घालतो.

उत्तर दरवाज्याच्या बाजूच्या खोलीत सिंधू लिपीतला तो प्रसिद्ध फलक सापडला. दहा मोठी चिन्हं, प्रत्येक सुमारे ३७ सेंमी उंच. पांढऱ्या जिप्समचे तुकडे लाकडी फळीवर बसवून केलेली. लाकूड कुजून गेलं, चिन्हं ओळीने जमिनीवर पडलेली मिळाली. ती जागेवर उघडी दिसतील या अपेक्षेने जाऊ नका. जागा बघायची, आणि चिन्हांची मांडणी म्युझियममध्ये. सिंधू मुद्रा बोटभर असतात, त्यांवरची अक्षरं नखाएवढी. इथे मात्र दूरवरून दिसावं म्हणून लिहिलंय. लिपी वाचता येत नसली तरी हे शहर येणाऱ्याला काहीतरी सांगू पाहत होतं एवढं नक्की.

पूर्व दरवाज्यातले दगडी खांबांचे तुकडे जरूर बघा. गुलाबी-पिवळ्या पट्ट्यांचा स्थानिक चुनखडीचा दगड, इतका घासलेला की अजून चमकतो. या भागातला घडीव दगड हडप्पा आणि मोहेंजोदडोपर्यंत गेला होता. त्यामुळे हे शहर नुसतं पाणी साठवून जगलं नाही, व्यापारावर मोठं झालं. कार्नेलियन या लालसर दगडाचे लांब मणी, शंखाच्या बांगड्या, तांब्याच्या वस्तू. मण्यांना भोक पाडायची अतिशय कठीण दगडाची छोटी गिरमिटं इथे मोठ्या संख्येने मिळाली आहेत. लांब मण्याला दोन्ही टोकांनी अर्धं-अर्धं भोक पाडून मध्ये जुळवायचे. म्युझियममध्ये मणी दिसले की हे आठवून बघा, पाच मिनिटं हलवणार नाही.

आणि कळकळीची विनंती. चालताना पायाखाली लाल खापरं, शंखाचे तुकडे सर्रास दिसतात. एकही उचलू नका. कायद्याने गुन्हा आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की खापर कुठल्या थरातून, कुठल्या जागी मिळालं यालाच किंमत असते. घरी शोकेसमध्ये ठेवलेल्या तुकड्याला काहीही किंमत उरत नाही. मुलांना गाडीतून उतरतानाच सांगून ठेवा.

वाटसरू_नाशिक

खापर, मस्त माहिती. आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादला हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातली वस्ती आहे, तिथली काशाची रथ-बैलजोडी प्रसिद्ध आहे. धोळावीरा बघून आल्यावर दायमाबादबद्दल वाचलं तर जास्त कळतं.

एक प्रश्न. धोर्डोचं पांढरं रण त्याच दिवशी का नाही? नकाशावर दोन्ही भिरंडियाराच्या पुढेच दिसतात.

रणवाटा

पुढे आहेत, पण वेगवेगळ्या दिशांना. भिरंडियाराहून धोर्डो पश्चिमेकडे फुटतं, खावडा सरळ उत्तरेला आणि तिथून धोळावीरा पूर्वेला. पांढऱ्या रणाची मजा सूर्यास्ताला किंवा चांदण्यात. सूर्यास्ताला तिथे पोचायचं तर धोळावीरा दीड वाजताच सोडावं लागतं. त्यात परवान्याची रांग धरा, ती रणोत्सवाच्या (धोर्डोच्या हिवाळी पर्यटन महोत्सवाच्या) काळात लांब असते. म्हणजे जीवाश्म गेले, म्युझियम घाईत, जेवण गाडीत. दोन्ही अर्धवट होतात. धोर्डोला वेगळी संध्याकाळ द्या.

तसंही खावडा ते खडीर रस्त्यावर दोन्ही बाजूंना रणच आहे. फेब्रुवारीत तिथेच मनसोक्त मीठ दिसतं.

गांधीधामकर

इथेच राहतो, म्हणून रस्त्याबद्दल लिहितो.

तो रणातला रस्ता जवळपास तीस किमी दोन्ही बाजूंना मोकळा आहे. समाजमाध्यमांवर तो 'स्वर्गाचा रस्ता' झाल्यापासून लोक मधोमध गाडी उभी करून रस्त्यावर झोपून फोटो काढतात. सरळ रस्त्यावर समोरची गाडी किती वेगात येतेय याचा अंदाज येत नाही. अपघात इथेच होतात. गाडी पूर्ण बाजूला घ्या, धोक्याचे दिवे चालू ठेवा, रस्त्याच्या कडेलाच फोटो काढा.

त्याहून महत्त्वाचं : गाडी मिठावर उतरवू नका. वरचा थर पांढरा, कडक, फरशीसारखा दिसतो, पण तो पातळ असतो. खाली काळा खारा चिखल, महिनोन्‌महिने ओला. पुढची दोन चाकं थरातून आत गेली की गाडी पोटावर बसते. एक्सलेटर दाबला की अजून खोल. मदतीला ट्रॅक्टर येईपर्यंत दोन-तीन तास जातात, आणि खारं पाणी गाडीच्या तळाला लागतं ते वेगळंच. पायी उतरायचं तर काठाजवळ, जिथे आधीच्या पावलांचे ठसे कोरडे आहेत तिथेच.

उन्हाची दिशाही धरून चला. खावड्याहून खडीरला जाताना तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळी सूर्य थेट समोर. परतताना तोंड पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळी पुन्हा समोर. काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसून निघा, नाहीतर त्या झगझगीत काही दिसत नाही. कच्छ देशाच्या पश्चिम टोकाला असल्याने थंडीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. साडेपाचला निघालात तर दीड-पावणेदोन तास पूर्ण अंधारात गाडी चालते. या पट्ट्यात म्हशी, उंट, नीलगाय रस्त्यावर असतात. ताशी साठच्या वर जाऊ नका.

खावड्यात टाकी भरा, हवा तपासा. पुढे पंप मिळेल असं धरून चालू नका. स्टेपनी, जॅक आणि पाना आहे ना हे भुजलाच उघडून बघा, भाड्याच्या गाडीत तर हमखास बघा. रणात नेटवर्क येतं-जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. ओळखपत्र प्रत्येकाचं मूळ जवळ असू द्या, सीमेचा भाग आहे, कुठेही विचारू शकतात. ड्रोन नेऊच नका.

खायचं म्हणाल तर जाताना भिरंडियाराचा मावा, गरम असताना. पहाटे मिळाला नाही तर परतताना घ्या. धोळावीरा गावाजवळ साधं कच्छी-गुजराती जेवण मिळतं, बाजरीचा रोटला, कढी, बटाट्याची भाजी, ताक. पोचल्या पोचल्या सांगून ठेवा, म्हणजे एकला तयार असतं. ऐनवेळी मागितलं तर तासभर जातो आणि पुढचं सगळं वेळापत्रक घसरतं.

सायली_ठाणे

गांधीधामकर दादा, आम्ही मुंबईहून ट्रेननेच येणार. भुजपर्यंत येऊन परत उलटं यायचं का?

गांधीधामकर

गरज नाही. मुंबईच्या गाड्या सामाखियाली, भचाऊ, गांधीधाम करत भुजला जातात. भचाऊला उतरलात तर रापरमार्गे धोळावीरा दीडशे किमीच्या आसपास. बघून संध्याकाळी खावडामार्गे भुजला मुक्कामाला. म्हणजे एकही रस्ता दोनदा होत नाही, आणि दोन्ही बाजूंचं रण बघून होतं.

दोन गोष्टी सांभाळा. टॅक्सी आधीच ठरवा, भचाऊ स्टेशनबाहेर लांबच्या फेरीची गाडी आयत्या वेळी मिळत नाही. आणि गाडी सकाळी वेळेवर पोचणारीच निवडा. दोन तास उशीर झाला तर भर दुपारी अवशेषांवर पोचाल. आई-बाबा बरोबर आहेत तर मी रात्रभराच्या प्रवासानंतर हे लगेच करणार नाही. भुजला एक दिवस आराम, मग रणवाटांचं वेळापत्रक.

एसटीचा विचार एका दिवसासाठी सोडा, तिच्या वेळा गावकऱ्यांच्या सोयीच्या आहेत, मुक्काम करावाच लागतो.

मृगजळ

मला थोडं वेगळं वाटतं. एवढ्या लांब जाऊन तीन तास? धोळावीऱ्यात मुक्काम करा. सकाळचं आणि संध्याकाळचं, दोन्ही ऊन मिळतं. भिंतींचे थर, बंधारे, दरवाज्यांची रचना तिरप्या उन्हातच उठून दिसते. गावात तोरण हे पर्यटन निवास आहे, खाजगी रिसॉर्ट आणि भुंगेही (कच्छी गोल मातीच्या झोपड्या) आहेत. ज्यांना पुरातत्त्वात मनापासून रस आहे त्यांनी एका दिवसाच्या फंदात पडू नये.

पाणवठा

मृगजळ, ज्यांना जमतं त्यांनी मुक्काम करावाच. मनसर-मनहरवरचे बंधारे आणि पश्चिमेची दफनभूमी एका दिवसात सुटतेच. तिथले अर्धगोलाकार मोठे उंचवटे, ज्यांत एकाची आतली रचना चाकाच्या आऱ्यांसारखी आहे, शांतपणे बघायच्या गोष्टी आहेत. पण ज्यांच्याकडे कच्छसाठी तीनच दिवस आहेत त्यांनी 'मुक्काम जमत नाही' म्हणून धोळावीरा गाळावं, हे मला पटत नाही. सकाळी नऊ ते बारा नीट वापरले तर शहराचा सांगाडा डोक्यात पक्का बसतो. त्यासाठी वाटाड्या घ्या. उत्खननावर प्रत्यक्ष काम केलेले काही गावकरी हे काम करतात. कुठल्या भिंतीखाली कुठली जुनी भिंत आहे हे ते बोट ठेवून दाखवतात, आणि हे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही. ठरलेले पैसे आनंदाने द्या, घासाघीस नको.

वाटसरू_नाशिक

जीवाश्मांकडे जाण्यात अर्थ आहे का? की तोच वेळ अवशेषांना द्यावा?

खापर

लहान मुलं बरोबर असतील तर जाच. ज्युरासिक काळातल्या झाडांची खोडं दगड होऊन पडली आहेत, सालीच्या रेषा स्पष्ट दिसतात, आणि समोर रणाचा अथांग पसारा. पाऊण तास पुरे. वेळ मागे पडला असेल तर जीवाश्म ठेवा आणि काळो डुंगर गाळा. डुंगर ४६२ मीटर, कच्छमधला सर्वांत उंच, वर दत्ताचं देऊळ आहे. आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसादाचा भात घालायची तिथली जुनी प्रथा आहे, म्हणून दत्तभक्तांना गाळवणार नाही हेही मला माहीत आहे! तसं असेल तर धोळावीरा अडीचलाच सोडा. चढाच्या रस्त्याला अंधारात उतरू नका, तीव्र वळणं आहेत.

सायली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न : आम्ही १५ जानेवारीच्या आठवड्यात कुठल्या दिवशी जावं? संक्रांतीची गर्दी असेल ना?

रणवाटा

१४ आणि १५ दोन्ही टाळा, गुजरातमध्ये उत्तरायणाच्या सुट्ट्या असतात. शनिवार-रविवारही नको, रणोत्सवाची सगळी गर्दी त्या रस्त्यावर येते. आणि शुक्रवार नको, त्या दिवशी म्युझियम बंद असतं. राहिले सोमवार ते गुरुवार, त्यांतला उत्तरायणानंतरचा पहिला मोकळा दिवस घ्या. म्युझियम सकाळी उशिरा उघडतं, म्हणून आधी अवशेष आणि मग म्युझियम हा क्रम बदलू नका.

टॅक्सीवाल्याशी बोलताना 'व्हाया खावडा, जीवाश्म आणि काळो डुंगर धरून, रात्री नऊपर्यंत' एवढं मेसेजवर लिहून घ्या. किमीचा दर, ड्रायव्हरचा भत्ता आणि जास्तीच्या तासांचे पैसे तिथेच ठरवा. त्याला साडेपाचची वेळ सांगा, आणि आदल्या रात्री नऊला एक फोन करून पक्कं करा.